सोडली

असरनंतर मी मौलानांकडे अरबी शिकतो,
तासगावच्या हायस्कुलात दिवसभर मराठी शिकवून झाल्यावर.
वय बावन्न. वहीला कव्हर मुलीनं घालून दिलंय.
जेर, जबर, पेश.
अक्षराखाली रेघ की अक्षरावर, एवढ्यावरून ठरतं
कुणी मारलं आणि कुणी खाल्लं.
उदाहरणात नेहमी जैदच मारतो, अम्रच खातो.
हजार वर्षं झाली, अम्रनं तक्रार केलेली नाही.

त्या गुरुवारी धडा झालाच नाही.
बेदाण्याच्या सौद्यातून चौघे तसेच उठून आले,
अंगाला गंधकाचा वास.
म्हणाले, दिलावर शिकलगार चहाच्या गाड्यावर बोलला,
सगळ्यांनी ऐकलं:
सोडली बायकोला.
आता हुकूम काय?

मौलाना पूर्णियाचे. इथं येऊन सहा वर्षं,
मराठीत भाजी घेता येते
आणि मयताच्या घरी थोडं बोलता येतं.
माझ्याकडे वळून म्हणाले,
मास्टरसाब, इस लफ्ज का माना?

शब्द साफ असेल तर नीयत विचारत नाहीत.
साफ नसेल तर विचारावीच लागते.
पहिला सरीह, दुसरा किनाया, इतकं मी शिकलो होतो.
पण सोडणे?

म्हैसाळचं पाणी सोडतात, म्हणालो, त्याची वाट बघतो आपण.
संध्याकाळी जू उतरवून बैल सोडतात.
रोजा सोडतो खजुरावर.
माझ्या भावानं तंबाखू तीनदा सोडली.
अब्बांनी मिरजेच्या दवाखान्यात जीव सोडला,
माझा हात नव्हता सोडला.
आणि परवा मुलीला स्टँडवर सोडलं,
गाडी वळेपर्यंत उभा होतो.

म्हणजे झाला का नाही? चौघांतला एक म्हणाला.

मौलानांनी डोळे मिटले.
वाक्य इथंच संपलं होतं?
मग तिसऱ्याला आठवलं: सोडली बायकोला मणेराजुरीला.
आणि त्यानं चहा मागितला. कमी साखरेचा.

ला.
आमच्यात याला विभक्ती म्हणतात, मी म्हणालो,
आणि जीभ चावली.
वेगळं निघालेल्या भावांनाही विभक्तच म्हणतात.
तीस वर्षं शिकवतोय,
विभक्तीनं घर राखलेलं पहिल्यांदा बघत होतो.

दिलावरला बोलावलं. तो हात पुसत आला.
मेव्हण्याचं लगीन हाय, गाडीवर सोडून आलोया.
का, काय झालं?
कुणी काही सांगेना.
मौलानांनीच विचारलं, बाईला विचारलं का कुणी?

फोन लागला. मागं ढोल, बायकांचा कालवा.
हलिमा म्हणाली, आलेच.
आली? मौलाना दाराकडे बघू लागले.
नाही, अजून निघालीसुद्धा नाही.
आमच्यात न निघालेला माणूस आलोच म्हणतो.
ते पहिल्यांदा हसले.
अरबीतही, म्हणाले, जे होणारच ते झालं म्हणून सांगतात.
निकाहात तरी काय? कबूल केलं म्हणतो माणूस,
केलेलं कुठं काय असतं अजून.

चौघे गेले. मौलानांनी वही काढून शब्द लिहिला:
सीन, वाव, डाल.
मग थांबले.
वरती पेश दिला तर सूड वाचलं जाईल,
नाही दिला तर सोड.
मला विचारलं, दोन्ही आहेत तुमच्यात?
आहेत.
बराच वेळ पेन कागदाला टेकलं नाही.

हलिमा सोमवारी आली,
आलेच म्हटल्यापासून चौथ्या दिवशी.
स्टँडवर मला गाठलं, हातात लग्नाच्या बुंदीची पिशवी.
मास्तर, माझा लई अर्थ लावलासा म्हणं.
मी पुटपुटलो, विभक्ती, किनाया.
तिनं ऐकून घेतलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
आणि मी म्हणले असते त्यांना सोडलं,
तर कुठं सोडलं, असं
इचारलं असतं का कुणी?